सावडीनं भरलेले फॉर्म

लोणावळ्याला चिकटलेल्या आमच्या कुसगावच्या घरात माझ्यावर कुणी कधी ओरडत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं की बिचारीला फार सोसावं लागतंय. तसं काही नाही. नवरा तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, सासूबाई सत्तरीच्या आहेत, आणि दोघंही माझी काळजी करतात. मी कुठेही गेले की दोघांचे आलटून-पालटून फोन येतात. पोचलीस का, जेवलीस का, निघालीस का. शनिवार-रविवारी फोनचीही गरज नसते, कारण पर्यटकांच्या गाड्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन ठेपलेल्या असतात आणि घरातून हलायचंच नाही असा नियम आपोआप पडून गेला आहे. त्या दोन दिवसांत मी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप उघडते आणि सासूबाई दुसऱ्या टोकाला भाजी निवडतात.

लॅपटॉपमध्ये माझी पीएचडी होती. सहा वर्षं होती. मी लोणावळ्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये कॉलेजला माझी गरज संपते आणि जूनमध्ये पुन्हा निर्माण होते. गेल्या वर्षी प्राचार्यांनी अगदी गोड बोलून सांगितलं की पुढच्या जूनपासून पदवी नसेल तर तास देता येणार नाहीत. विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढ डिसेंबरअखेर संपत होती. त्यानंतर नोंदणीच रद्द. प्रबंध गेला तर कॉलेज जाणार होतं, आणि कॉलेज गेलं की मला घराबाहेर पडायला काही कारणच उरणार नव्हतं. घरी हे असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं. घरी एवढंच म्हणायचे, "एकदाचं ते प्रबंधाचं होऊन जाऊ दे." त्यानंतर काय, ते कुणी सांगत नव्हतं आणि मीही विचारत नव्हते.

माझा विषय होता मावळातल्या बायकांचं घरातलं निर्णयस्वातंत्र्य, शहरातलं आणि गावातलं. हसू नका. मी तो निवडला तेव्हा मला तो स्वतःशी अजिबात संबंध नसलेला, छान कोरडा विषय वाटला होता.

त्यासाठी मी एक ऑनलाइन फॉर्म केला. 'माझं मी ठरवते' अशा धाटणीची चौदा विधानं, प्रत्येकापुढे पाच गोल, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. शेवटी एक मोकळी चौकट, 'आणखी काही सांगायचं आहे का?' लिंक चालते की नाही बघायला पहिला फॉर्म मीच भरला. घाईत भरला, दूध गॅसवर होतं. राहण्याचं ठिकाण 'शहरी', बाकी सगळं 'सहमत' आणि 'पूर्ण सहमत'. मग लिंक लोणावळ्या-तळेगावातल्या शिक्षिका, बँकेत आणि ऑफिसात जाणाऱ्या बायका अशा सगळ्या ग्रुपांवर टाकली. गावाकडच्या बाजूसाठी आंदर मावळातल्या एका अंगणवाडीताईंना पाठवली. त्यांची माझी ओळख एका शिबिरात झालेली. त्यांच्या गावाच्या तीन वाड्या आहेत. "भरून देते की, त्यात काय," असं त्या म्हणाल्या आणि खरंच महिन्याभरात फॉर्म येऊन पडले. मी मनातल्या मनात त्यांना दंडवत घातला.

ज्यांनी स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ते म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने, दुसरं काही नाही. एक ओळ म्हणजे एक बाई. एक रकाना म्हणजे एक विधान. बाई जे म्हणाली त्याचा एक ते पाच आकडा करायचा, पाच म्हणजे पूर्ण सहमत. राहते कुठे, तर शहरी असेल तर एक, ग्रामीण असेल तर दोन. शब्द त्याला चालत नाहीत, म्हणून मोकळ्या चौकटीतली उत्तरं असलेला रकाना मी पहिल्याच दिवशी बाजूला काढून वेगळ्या फाइलीत टाकला. मग एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर काही सेकंद विचार करतं आणि तक्ते ओकायला लागतं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ते बटण मी दाबलं. बाहेर गाड्यांचे हॉर्न चालू होते, सासूबाई शेपू निवडत होत्या. शहरी बायकांची सरासरी चांगली उंच. ग्रामीण बायकांची खाली, फारच खाली. शेवटच्या रकान्यात शून्य-शून्य-शून्य, म्हणजे हा फरक योगायोगानं पडलेला नाही असा सॉफ्टवेअरचा शेरा. मी जवळजवळ ओरडलेच.

"काय गं, काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"निष्कर्ष निघाला."

"चांगला ना?"

"एकदम."

पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक मॅडम तर माझ्याहून खूश झाल्या. "सरळ, स्वच्छ निकाल आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "शिक्षण, नोकरी, शहर, यामुळे स्त्री स्वतंत्र होते. लिहून काढा आता भराभर." मी लिहून काढलं. दिवाळीच्या सुट्टीत चकल्या तळता तळता दोनशे पानं लिहिली. शहरातली स्त्री स्वतःचे निर्णय स्वतः घेते, असं वाक्य मी किमान वीस वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलं असेल. आणि ते लिहिताना मधेच उठून, दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊ का, असं नवऱ्याला विचारूनही आले असेन.

प्रबंधात मधेमधे बायकांच्या तोंडची दोन-चार वाक्यं असली की बरं दिसतं. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी मी ती बाजूला टाकलेली फाइल उघडली. शहरी बायकांनी चौकट रिकामी सोडली होती, किंवा 'छान उपक्रम', 'ऑल द बेस्ट' असं काहीतरी. ग्रामीण बायकांनी मात्र भरभरून लिहिलं होतं. मी वाचायला लागले.

'ही सांगणार नाही म्हणून आम्ही सांगतो. हिला माहेरी जाऊन तीन वर्ष झाली.'

'हिची मान दुखते पण घरात बोलली नाही. बोलली तर डोक्यावरचं ओझं दुसऱ्या कुणावर येईल.'

'हिचा नवरा चांगला आहे. पण टीव्हीचा रिमोट त्याच्याच हातात.'

मी तिथेच थांबले. 'ही' कोण? मी फॉर्म आल्याच्या वेळा काढून पाहिल्या. लावणीचा महिना. प्रत्येक वाडीतून रोज एकच फॉर्म आलेला, दुपारी एक ते दोनच्या मधे. मी इतके महिने त्या ओळींवर तऱ्हेतऱ्हेच्या चाचण्या लावत होते आणि हे साधं मला दिसलं नव्हतं. मी लगेच अंगणवाडीताईंना फोन लावला.

"ताई, ते फॉर्म कसे भरले होते हो?"

"सावडीनं," ताई म्हणाल्या.

सावड म्हणजे काय ते मला माहीत होतं. भातलावणीला मजूर लावायचे नाहीत. आज सगळ्या मिळून तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्या. पण फॉर्म सावडीनं?

"ज्या दिवशी जिच्या खाचरात लावनी, त्या दिवशी तिचा फारम," ताई समजावून सांगायला लागल्या. "दुपारी भाकरी खायला बांधावर बसलं की. ती वाढायची, बाकीच्या सांगायच्या, मी नायतर जिच्याकडं फोन आसंल तिनं टिका मारायच्या. तुमीच म्हनला व्हता, एकीचा एकच फारम. तसंच केलं."

"अहो, पण तिचं तिनं का नाही भरलं?"

"आपल्या घरचं आपल्या तोंडानं कसं सांगायचं ओ? खोटं सांगितलं तर पाप, खरं सांगितलं तर घरची आब्रू जाती. दुसरीनं सांगितलं म्हंजी आपुन कुटं काय बोललो?" मग जरा घाबरून त्या म्हणाल्या, "चुकलं का काय?"

"नाही," मी म्हणाले. "चुकलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी सॉफ्टवेअरमध्ये एक नवा रकाना घातला. 'कुणी भरला'. स्वतः भरला तर एक, दुसरीनं भरला तर दोन. मग राहण्याचं ठिकाण आणि हा नवा रकाना यांचा एकत्र तक्ता काढला. याला क्रॉसटॅब म्हणतात. चार कप्पे. शहरी आणि स्वतः, यात शहरातल्या सगळ्या. ग्रामीण आणि दुसरीनं, यात गावातल्या सगळ्या. उरलेल्या दोन कप्प्यांत शून्य. याचा अर्थ तक्ता काढण्याआधीच मला कळला होता. जो फरक मी दोनशे पानं भरून गावाचा म्हणून लिहिला, तो गावाचा आहे की भरणाऱ्या हाताचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. शहरातल्या बायका स्वतंत्र असतील, किंवा फक्त स्वतःचा फॉर्म स्वतः भरत असतील. मी पुन्हा पुन्हा चाचणी लावली. सॉफ्टवेअरनं प्रत्येक वेळी सांगितलं की हे दोन रकाने एकच आहेत, वेगळे काढता येत नाहीत.

मी चार पानं लिहून हे सगळं मॅडमना पाठवलं. त्यांचा फोन आला तेव्हा त्या चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांच्याकडे माझ्यासारख्या सात जणी होत्या.

"अहो, ऑनलाइन सर्व्हेत पलीकडे कोण बसलंय ते जगात कुणाला कळतं? सगळ्यांचं असंच असतं."

"पण आता मला कळलंय ना."

"मग निष्कर्षच उरत नाही. नवीन माहिती गोळा करायला वर्ष जाईल, आणि तुमच्याकडे चार आठवडे आहेत. असं करा, ती चार पानं काढून टाका. गावातल्या बायकांकडून एक घोषणापत्र घ्या. हा फॉर्म मी स्वतः भरला आहे, खाली सही नाहीतर अंगठा. मागे परिशिष्टात लावू. म्हणजे तुम्हीही सुटलात, मीही सुटले."

न पटलेलं मी त्यांना सांगायला हवं होतं. मी "बरं मॅडम" म्हणाले आणि घोषणापत्रं छापून आणली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका गुरुवारी मी निघाले. कान्हे फाट्यापर्यंत लोकल, तिथून टाकव्याला शेअर रिक्षा, पुढे एसटी, आणि एसटी जिथे वळते तिथून चालत. वाटेत दोन फोन आले. गावात भात झोडून झालं होतं, पेंढा रचायचं काम चाललं होतं. ताईंनी देवळाच्या आवारात दहा-बाराजणींना गोळा करून ठेवलं होतं. देवळाच्या ओसरीवर सावली होती, पण मी पायरीवर उन्हात बसले, कारण त्या आवारात रेंज फक्त तिथेच येते. रेंज नसली तर घरी काळजी करतात.

बायकांमध्ये एक साठीच्या मावशी होत्या. तिन्ही वाड्यांच्या सावडीचं वेळापत्रक त्याच ठरवतात, असं ताईंनी सांगितलं. मी कागद वाटले, पेनं दिली. एकीनं सही करायला पेन उघडलंसुद्धा.

"थांब की," मावशी तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय लिवलंय ते वाचून दावा आदी."

मी वाचलं. "'हा फॉर्म मी स्वतः, कुणाच्याही सांगण्याशिवाय भरला आहे.'"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मंग हे खोटं हाय," मावशी म्हणाल्या.

"हो."

"तरी बी पायजे?"

मी काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. मुदत, नोंदणी, कॉलेज, असं काहीतरी भडाभडा बोलले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढे ओढला. "करू की मंग सही. तुमचं काम अडलंय, आमच्या सईनं सुटत आसंल तर काय जातंय. ही बी सावडच." त्यांनी हे इतक्या सरळ मनानं म्हटलं की मला स्वतःची लाज वाटली. मी त्या बायकांकडे खोटी साक्ष मागायला आले होते आणि त्या माझी सावड करत होत्या. त्यात फोन वाजला. सासूबाई विचारत होत्या, फ्रिजमधली कोथिंबीर कुठल्या डब्यात आहे. मी सांगितलं. थोड्या वेळानं नवऱ्याचा आला, जेवलीस का. मग परत सासूबाईंचा, कोथिंबीर सापडली.

मावशी पेन हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. "बाई, तुमचा फारम कुनी भरला?"

"माझा मीच."

"आपला आपुन?" त्या मोठ्यानं हसल्या, मग बाकीच्याही. "त्यात काय खरं लिवलं आसनार? ताई, काड गं तो फारम. हिचा भरू."

मी हसत नको नको म्हणत होते, पण ताईंनी फोन काढून त्याच पायरीवर माझ्याशेजारी बसकण मारली. एकीनं चहाची किटली माझ्या हातात दिली. "जिचा फारम तिनं वाढायचं. नेम म्हंजी नेम." मी उठून एकेकीच्या कपात चहा ओतायला लागले. ताई माझीच विधानं मला वाचून दाखवत होत्या. पहिल्या तीनवर बायकांनी आपसात बोलून काहीतरी ठरवलं. मग चौथं आलं. 'घराबाहेर जाण्यासाठी मला कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही.'

"सकाळधरनं किती फोन आलं हिला?" मावशींनी विचारलं.

"हितं आल्यावर तीन," ताई म्हणाल्या. "वाटंवर दोन आलतं, त्याच म्हनत व्हत्या."

"पाच. आन् एवढी सावली सोडून ही उनात का बसली? रेंज हितंच हाय म्हून." मावशींनी चहाचा घोट घेतला. "पूर्न असहमत टाक."

"मावशी, तसं नाही हो, ते काळजीनं करतात," मी म्हणाले.

"जिचा फारम तिनं बोलायचं न्हाई."

मी पुढच्या कपात चहा ओतला. पाचवं, सहावं, सातवं झालं. नववं आलं. 'न पटलेली गोष्ट मी घरात बोलून दाखवते.' आता बायका जरा थांबल्या. माझं घर त्यांनी पाहिलं नव्हतं. मावशींनी त्या घोषणापत्राकडे बोट केलं.

"ह्या सया घ्यायच्या, हे तुमाला पटलंय का? एवढं एकच सांगा."

"नाही."

"मंग तुमच्या मॅडमला तसं बोलला?"

मी किटलीचं झाकण नीट बसवलं.

"जी मॅडमम्होरं बोलत न्हाई, ती घरात काय बोलनार," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं, लावणीला आज किती रोप लागेल ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. "टाक गं, पूर्न असहमत."

बाराव्या विधानाला, 'माझ्या वेळेची मी मालकीण आहे,' ताईंनी तोंड उघडलं आणि माझा फोन वाजला. सगळ्या इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मीही हसले. फोन नवऱ्याचा होता, अंधार पडायच्या आत निघ म्हणून. मी "हो, निघतेच" म्हणाले, फोन ठेवला आणि मला रडू यायला लागलं. राग आला होता, पण कुणाचा ते समजत नव्हतं. त्या बायकांचा नव्हता. नवऱ्याचा म्हणावा तर त्याचं काय चुकलं होतं? सहा वर्षं मी ज्या गोष्टीचा अभ्यास करत होते ती मोजायला दहा-बाराजणींना एक किटली चहा पुरला होता. शेवटची चौकट आली तेव्हा मावशींनी ताईंना हळूच काहीतरी सांगून लिहायला लावलं. मला ऐकू आलं नाही.

घोषणापत्रं मी परत गोळा केली. मावशींच्या कागदावर सहीची जागा कोरी होती. बाकीच्यांच्याही.

"का ओ? पायजे व्हत्या ना?"

"नको मावशी. राहू द्या."

घरी येऊन दुसऱ्या दिवशी मी ती नवी ओळ सॉफ्टवेअरमध्ये घेतली. मी आता त्यात दोनदा होते. पहिली ओळ, दुधावर लक्ष ठेवून भरलेली, आणि ही शेवटची. चौदापैकी अकरा आकडे वेगळे होते. मोकळ्या चौकटीतलं वाक्यही आता वाचलं. 'हिला कुणी त्रास देत नाही म्हणून हिला सांगता येत नाही.' मी ते वाचून लॅपटॉप मिटला, कारण समोर सासूबाई बसल्या होत्या. नंतर पुन्हा उघडून तक्ता काढला. शहरी, आणि दुसरीनं भरला. जिथे शून्य होतं तिथे आता एक होता.

शेवटच्या दिवशी मी बाइंड केलेल्या चार प्रती घेऊन पुण्याला गेले. त्यात ती चार पानं होती, घोषणापत्रं नव्हती. मॅडमनी शेवटचं प्रकरण चाळलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "यावर मी सही कशी करू?" त्यांचंही बरोबर होतं. एका ओळीवरून काही सिद्ध होत नाही, आणि उरलेलं सगळं मीच खोडून टाकलं होतं. प्रबंध स्वीकारायची खिडकी चार वाजता बंद होते, आणि मार्गदर्शकांच्या सहीशिवाय तिथे प्रबंध घेत नाहीत. मी विभागाबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. चारला पाच मिनिटं असताना नवऱ्याचा फोन आला.

"झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

घरी पोचले तेव्हा पेढे आणलेले होते. सासूबाईंनी देवापुढे ठेवून पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतका खरा आनंद होता की मला तोंड उघडवेना. नवव्या विधानापुढे मावशींनी जे टाकलं होतं ते मी त्या संध्याकाळी पेढा खाऊन खरं करून दाखवलं. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं, तेवढं एक बरं झालं.

जानेवारीतल्या एका रविवारी सासूबाई स्वयंपाकघरातलं फडताळ आवरत होत्या. बाहेर गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या होत्या. त्या एक गठ्ठा घेऊन टेबलाशी आल्या. घोषणापत्रं होती. मी ती तिथेच मागे कोंबून ठेवली होती.

"हे पाठकोरे कागद आता लागणार नाहीत ना?" त्यांनी विचारलं. त्यांनी ते वाचले होते. चष्मा डोळ्यांवरच होता, आणि कोऱ्या सहीच्या जागेवर त्यांचं बोट होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मग डब्यांखाली घालते."

नवरा वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, "अगं, तुझा निकाल कधी लागतो? तोंडी परीक्षा असते ना एक?"

मी काहीतरी जुळवायला लागले. त्याआधी सासूबाई म्हणाल्या, "लागेल की वेळ. विद्यापीठाचं काम आहे ते. तिला सारखं विचारू नकोस." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. फडताळापाशी जाऊन त्या एकेक कागद पसरत राहिल्या, छापलेली बाजू खाली करून.

त्यांनी मला काही विचारलं नाही, अजूनही नाही. मार्चमध्ये माझे तास संपतील आणि जूनमध्ये पुन्हा निर्माण होणार नाहीत. मग मी सातही दिवस या टेबलाशी असेन. हे घरी कधी सांगायचं, कसं सांगायचं, मला माहीत नाही.

त्या रविवारी दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर मी लिंक उघडली आणि त्यांचा फॉर्म भरला. त्यांना न विचारता. एकेक विधान वाचायचं आणि लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पाहिलेलं आठवायचं. त्या एकट्या कुठे गेल्याचं मला आठवेना. लोणावळ्याच्या बाजारातसुद्धा नाही. मी बाहेर पडले की त्या कोथिंबिरीचा डबा विचारायला फोन करतात, आणि कोथिंबीर त्याच डब्यात असते. चौथ्यापुढे, परवानगीच्या विधानापुढे, मी पूर्ण असहमत टाकलं. नवव्यापुढे, न पटलेलं बोलून दाखवण्यापाशी, मी बराच वेळ थांबले, मग सकाळी त्यांनी नवऱ्याला अडवलं ते आठवून एक गोल वर सरकले, 'असहमत'वर. शेवटच्या चौकटीत लिहिलं, 'ह्या सांगणार नाहीत म्हणून मी सांगते.'

मग पुन्हा तो तक्ता काढला. शहरी, दुसरीनं भरला. त्या कप्प्यात आता दोन आहेत.